कुठल्या मातीत कोण?

बंगळुरूच्या आसपास जमीन फार लवकर बदलते. शहराच्या पोटातच लालबागेचा खडक आहे. त्याचं वय सुमारे तीन अब्ज वर्षं. वायव्येला हेसरघट्ट्याचं गवताळ माळरान. त्याच्या अल्याडपल्याड नाचणीची, म्हणजे तिथल्या रागीची शेतं, द्राक्षबागा, निलगिरीच्या लागवडी. पश्चिमेला सावनदुर्ग आणि रामनगरचे ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर. दक्षिणेला बन्नेरघट्ट्याचं जंगल, जे पुढे कावेरीच्या खोऱ्यातल्या हत्तींच्या जंगलाला जाऊन मिळतं. मधे तळी, तळ्यांच्या काठची भाताची खाचरं, आणि या सगळ्यावर पसरत चाललेलं शहर. सकाळी गाडीनं निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत हे सगळं पाहून परत येऊ शकतो.

येणाऱ्याजाणाऱ्याला हा बदल झाडांवरून कळतो. त्याहून बारीक बदल जमिनीलगत होत असतो. भुईमुगाच्या किंवा रागीच्या कोरडवाहू शेताच्या बांधात जर्बिल राहतो. तांबूस पाठ, पांढरं पोट, टपोरे डोळे, लांब शेपटी आणि तिच्या टोकाला काळसर केसांचा झुपका. पळताना मागच्या पायांवर उड्या घेणारा. शेताला पाणी आलं, भात किंवा ऊस उभा राहिला, की छोटी घूस आणि मऊ केसांचा शेतउंदीर यांचं बस्तान बसतं. त्याच शिवारात दहाएक ग्रॅम वजनाचा चिमुकला शेतउंदीर असतो, शास्त्रीय नाव मस बूडुगा. मुरमाड जमिनीत जाड, राठ केसांचा त्याचा एक भाऊबंद राहतो आणि बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा करून ठेवतो. डोंगरांच्या कपारींत खडकावर राहणारे उंदीर वेगळे. घरात काळा उंदीर, गोदामाच्या आणि गटाराच्या कडेला घूस, मोरीत चिचुंद्री. यातली चिचुंद्री तर उंदीरही नव्हे. किडे खाऊन जगणाऱ्या निराळ्याच कुळातली ती आहे.

भारतात कृंतक प्राण्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत. पिकांना आणि साठवणीला खरा त्रास देणाऱ्या जाती त्यांपैकी थोड्याच, दीड-दोन डझनांच्या आतबाहेर. बाकीच्या जाती बिया इकडून तिकडे नेतात, माती उकरून भुसभुशीत करतात, किडे खातात आणि घुबड, कोल्हा, रानमांजर, धामण यांचं पोट भरतात. तरी आपल्या बोलण्यात हे सगळे ‘उंदीर’ या एका शब्दात बसवलेले असतात, आणि ‘उंदीर फार झालेत’ या एका वाक्यात त्यांचा निकाल लागतो. माझ्या मते हा आळस महागात पडणारा आहे. कोणता उंदीर, कुठल्या जमिनीत, वर्षाच्या कुठल्या महिन्यात आणि किती, या चारही गोष्टी एकत्र विचारल्याशिवाय मिळालेल्या उत्तराचा शेतकऱ्याला उपयोग नाही, डॉक्टरला नाही आणि जंगल राखणाऱ्यालाही नाही.

हे उत्तर मिळवायचं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वाघ मोजणाऱ्याला पट्टे ओळखून चालतं, हत्ती मोजणाऱ्याला कळप दिसतो. तीस ग्रॅमचा निशाचर प्राणी दिसतच नाही. त्याला धरावं लागतं आणि सोडून द्यावं लागतं. जगभर यासाठी शर्मन नावाचा पिंजरा वापरतात. पातळ अ‍ॅल्युमिनियमची घडीची पेटी, एका बाजूला दार, आत पायाच्या भारानं खाली जाणारी पट्टी. प्राणी आत आला की दार मागे मिटतं, इजा होत नाही. मोठ्या घुशीसाठी तारेचे पिंजरे लागतात. आमिष म्हणून परदेशी पुस्तकांत शेंगदाण्याचं लोणी आणि ओट सांगितलेले असतात. आपल्याकडे भाजलेलं खोबरं, भजी, शेंगदाणे, तेल लावलेली भाकरी यांनी काम उत्तम होतं. वासाचा आणि तेलकट पदार्थ उंदराला ओढतो. तो मुंग्यांनाही ओढतो, आणि रानात रात्रभरात मुंग्यांनी पिंजरे साफ केले तर सकाळी हाती काहीच लागत नाही.

पिंजरे मन मानेल तिथे ठेवून चालत नाहीत. दहा-दहा मीटरवर, सात ओळींत सात, असा एकोणपन्नास पिंजऱ्यांचा चौकोन आखला आणि चार रात्री चालवला, तर ४९ गुणिले ४ म्हणजे १९६ पिंजरा-रात्री होतात. ‘शंभर पिंजरा-रात्रींमागे किती प्राणी’ हे या कामातलं सर्वांत साधं माप. एका अधिवासाची दुसऱ्याशी तुलना करायची तर गवतात जितके पिंजरे तितकेच जंगलात, तितक्याच रात्री, त्याच ऋतूत आणि शक्यतो चंद्राच्या त्याच पक्षात लावावे लागतात. चांदण्या रात्री घुबडाला सगळं दिसतं म्हणून उंदीर उघड्यावर कमी फिरतात. अमावास्येला माळ मोजला आणि पौर्णिमेला रान मोजलं, तर आकड्यांतला फरक चंद्राचा असेल, जमिनीचा नव्हे. शिवाय एकच रागीचं शेत म्हणजे ‘रागीचं शेत’ नव्हे. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे तीन-चार तरी वेगवेगळे तुकडे घ्यावे लागतात. नाहीतर त्या एका शेताशेजारच्या कडब्याच्या गंजीचा परिणाम आपण रागीच्या नावावर मांडून बसतो.

संध्याकाळी पिंजरे उघडायचे, उजाडताच पाहायचे. चिचुंद्री मिळण्याची शक्यता असेल तर रात्रीतही फेरी मारायची. तिचं पोट इतकं लहान आणि शरीराची भट्टी इतकी तेज, की काही तास उपाशी राहिली तर ती मरते. आपल्या देशात सापडणारी सर्वांत लहान चिचुंद्री दोन ग्रॅमच्या आसपास भरते. ती पिंजऱ्याची पट्टीसुद्धा दाबू शकत नाही. तिच्यासाठी जमिनीत डबे पुरून ठेवतात, चालता चालता ती आत पडते. डोंगरी थंडीत पिंजऱ्यात मूठभर कापूस ठेवणं हीसुद्धा रीतच आहे, आणि ती पाळणारा माणूस चांगला अभ्यासक असतो असं मी खुशाल म्हणेन.

पकडलेला प्राणी कापडी पिशवीत घ्यायचा, स्प्रिंगच्या काट्यावर तोलायचा, धड, शेपटी, मागचं पाऊल आणि कान मोजायचे, नर की मादी, वयात आलेला की पिल्लू, मादी गाभण आहे का ते लिहायचं. हातमोजे आणि मास्क हवेतच, कारण पिसवा, गोचिड्या आणि मूत्र यांतून रोग येऊ शकतात. मग खूण करायची. पूर्वी बोटाचं टोक कापत; आता कानाला इवलासा बिल्ला, केस कातरून केलेली खूण किंवा कातडीखाली तांदळाएवढी चिप वापरतात. आणि ज्या पिंजऱ्यात सापडला तिथेच त्याला सोडायचं.

खूण कशासाठी? समजा पहिल्या खेपेला ४० उंदरांना खुणा करून सोडलं. काही दिवसांनी त्याच जागी ३० सापडले, त्यांत १० खुणेचे निघाले. म्हणजे सापडलेल्यांतला तिसरा हिस्सा खुणेचा. मग सगळ्या वस्तीतही तिसरा हिस्साच खुणेचा असणार, आणि एकूण उंदीर १२० च्या आसपास. डेन्मार्कच्या पीटरसननं माशांसाठी १८९६ मध्ये आणि अमेरिकेच्या लिंकननं बदकांसाठी १९३० मध्ये वापरलेलं हे गणित आजही या कामाचा पाया आहे. मात्र त्याच्या अटी आहेत. मधल्या काळात कुणी बाहेरून आलेलं नसावं, कुणी मेलेलं नसावं, आणि प्रत्येकाला पिंजऱ्यात सापडण्याची संधी सारखी असावी. उंदीर ही शेवटची अट कधीच पाळत नाहीत. काहींना फुकटच्या खोबऱ्याची चटक लागते आणि ते रोज येतात, काही एकदा अडकले की पुन्हा पिंजऱ्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून आजचे अभ्यासक बऱ्याच रात्रींची नोंद घेऊन ही ओढ आणि ही भीती दोन्ही हिशेबात धरणारी गणितं वापरतात.

काही प्राणी जमिनीवर उतरतच नाहीत. मलबारचा काटेरी डॉर्माउस हा पश्चिम घाटातला झाडांवरचा उंदरासारखा प्राणी. शेपटीला झुबकेदार केस आणि पाठीवर काटे. दिव्या मुडप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळक्काड-मुंडनतुरैच्या सदाहरित जंगलात झाडांच्या फांद्यांवर पिंजरे बांधून त्याचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. फक्त जमिनीवर पिंजरे लावणाऱ्यानं त्या जंगलात हा प्राणी नाहीच असं लिहून टाकलं असतं.

शेतातल्या मोजणीची याहून सोपी रीत आपल्याच कृषी खात्यांत रुळलेली आहे. संध्याकाळी शेतातली सगळी बिळं चिखलानं बुजवायची आणि सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील तेवढी ‘जिवंत बिळं’ धरायची. पिंजरा लागत नाही, काटा लागत नाही. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात, जीकेव्हीके नावाच्या त्याच्या विस्तीर्ण आवारात, उंदरांवरचं संशोधन अनेक दशकं झालं. जोधपूरहून चाललेल्या अखिल भारतीय उंदीर नियंत्रण प्रकल्पातलं हे एक महत्त्वाचं केंद्र होतं. शकुंतला श्रीधर यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. कोरडवाहू शेतात जर्बिल आणि ओलिताखाली घूस हा फरक लक्षात घेतल्याशिवाय नियंत्रणाचा सल्ला देताच येत नाही. एकाचं बीळ उथळ आणि बांधातलं, दुसरीचं खोल, बोगद्यांचं आणि कणसांच्या कोठारांचं.

या कोठारांची माहिती शास्त्रज्ञांच्या फार आधी वडारांना होती. वॉल्टर एलियट हा कंपनी सरकारचा अधिकारी धारवाड भागात होता. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात तो राणी चन्नम्माच्या कैदेतही राहिला. पुढे १८३९ मध्ये त्यानं मद्रासच्या एका नियतकालिकात दक्षिण मराठा मुलखातल्या, म्हणजे धारवाड-बेळगावकडच्या, सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्या यादीत उंदरांच्या सवयी, बिळं, खाणं यांची जी अचूक वर्णनं आहेत, त्यांतली बरीच वडारांच्या खणण्यातून आलेली आहेत. हे लोक घुशीची बिळं उकरत, घुशी खात आणि घुशींनी साठवलेलं धान्यही घरी नेत. एलियटनं पाठवलेल्या नमुन्यांवरून जॉन एडवर्ड ग्रे यानं १८३७ मध्ये लंडनमध्ये नव्या जाती जाहीर केल्या आणि त्यांना गोलुंडा, मेल्टाडा, कोक, बूडुगा अशी त्या मुलखातल्या बोलींतलीच नावं दिली. कुठल्या मातीत कोण राहतं याचा आपल्या भागातला हा एक फार जुना छापील हिशेब, आणि तो खणणाऱ्या हातांचा आहे. यादीवर मात्र त्या हातांतलं एकही नाव नाही.

त्यानंतरचं मोठं काम मुंबईहून झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड हे फिप्सन या मद्य विकणाऱ्या पेढीचे गृहस्थ. त्यांनी १९११ मध्ये वर्गणी मागितली आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोनमधल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू झाली. ती १९२३ पर्यंत चालली. पगारी संग्राहक गावोगाव फिरत, पिंजरे लावत, कातडी आणि कवट्या जपून मुंबईला पाठवत. पाहणीचा पहिला अहवाल १९१२ साली निघाला, तो खानदेशचा. संग्राहक सी. ए. क्रम्प, अहवाल लिहिणारे आर. सी. रॉटन, हे निवृत्त वनाधिकारी. पाठोपाठ वऱ्हाड, कच्छ, धारवाड, कारवार, कुर्ग. ओल्डफील्ड थॉमस यांनी मऊ केसांच्या शेतउंदराच्या प्रजातीला मिलर्ड यांचं नाव दिलं, आणि त्यामुळे धारवाडच्या त्या उंदराचं आजचं शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा असं आहे.

या पाहणीतली एक गोष्ट खास मराठी वाचकानं ठाऊक करून घ्यावी. घरांतले आणि घरांजवळचे काळे उंदीर प्लेगमुळे तेव्हा फार महत्त्वाचे झाले होते. मार्टिन हिंटन यांनी १९१८ मध्ये त्यांची छाननी केली आणि सातारा जिल्ह्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या घाटमाथ्यावर मिळालेल्या उंदराला ‘सातारे’ असं नाव दिलं. तेव्हा त्याला काळ्या उंदराचाच एक उपप्रकार मानलं गेलं आणि पुढे जवळजवळ शतकभर तो विसरला गेला. जंगलात काळा उंदीर सापडला की ‘रॅटस रॅटस’ लिहायचं आणि पुढे जायचं, अशी सवय पडली. २०११ मध्ये मारी पाजेस आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या उंदरांची शरीररचना, गुणसूत्रं आणि जनुकं ताडून दाखवून दिलं की रॅटस सातारे ही स्वतंत्र जात आहे. ती पश्चिम घाटाच्या रानातली आहे, आणि वस्तीजवळच्या काळ्या उंदराच्या शेजारी राहूनही त्याच्यात मिसळत नाही. दिसायला दोघे इतके सारखे की हातात घेऊनही फसगत होते. म्हणजे जुन्या वह्यांतली एका जातीची संख्या खरं तर दोन जातींची असू शकते, आणि कुठली नोंद कुणाची हे ठरवायला आज एकच आधार उरतो: ती नोंद कुठल्या अधिवासातली होती हे लिहून ठेवलेलं असणं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९९० च्या दशकात झालेलं काम या दृष्टीनं मला फार मोलाचं वाटतं. कार्तिक शंकर, ज्यांना आज बहुतेक लोक समुद्री कासवांचे अभ्यासक म्हणून ओळखतात, त्यांनी रामन सुकुमार यांच्याबरोबर निलगिरीच्या उंच पठारावर छोट्या सस्तन प्राण्यांचा अभ्यास केला. तिथे शोला म्हणजे खुरटलेल्या सदाहरित जंगलाचे लहान-लहान तुकडे दऱ्यांत असतात आणि बाहेर सगळीकडे गवत. शोलातून गवतात यायला चार पावलं पुरतात. पण त्या चार पावलांत रहिवासी बदलतात: आत रॅटस प्रजातीतले उंदीर आणि पहाडी चिचुंद्री, बाहेर गवतात मऊ केसांचा शेतउंदीर. प्रत्येक शोला हे गवताच्या समुद्रातलं बेट, तर एका बेटावर उंदीर वाढले की दुसऱ्यावरही वाढतात का, हाही प्रश्न त्यांनी घेतला आणि त्यावरचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जंगलात एकदाच पिंजरे लावून असल्या प्रश्नाला हात घालता येत नाही. पुन्हा पुन्हा त्याच जागी यावं लागतं, पावसात आणि थंडीतही.

आता रोगांकडे वळतो, कारण अधिवास धरून मोजणी करण्याची निकड तिथे सर्वांत अधिक आहे.

मुंबईत १८९६ साली आलेला प्लेग ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरूत पोचला. लोकांनी पेठा सोडल्या. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या हवेच्या वसाहती त्याच काळात आकाराला आल्या. शहरात प्लेगच्या देवीची देवळं आजही आहेत. उंदराच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यानं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेत, मुंबईचे उंदीर फार मोठ्या संख्येनं तपासून ते पक्कं झालं. तरी एक प्रश्न उरला होता. माणसांतला प्लेग ओसरल्यावर जंतू जातो कुठे? उत्तर कोरडवाहू शेताच्या बांधात होतं. जर्बिलाला प्लेगचा जंतू काळ्या उंदराइतका लवकर मारत नाही. त्याच्या बिळांत, त्याच्या पिसवांत तो वर्षानुवर्षं टिकतो. जर्बिलाची आणि घुशीची बिळं जिथे लागून असतात, घुशीची ये-जा गावाच्या वेशीपर्यंत असते आणि वेशीच्या आत काळा उंदीर असतो, तिथून जंतूला घरात येण्याची वाट मिळते. वाटेतला प्रत्येक टप्पा म्हणजे एक अधिवास आणि त्यातली एक जात.

म्हणूनच कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू जिथे मिळतात त्या कोलार-होसूर पट्ट्यात उंदीर पकडून, त्यांच्या पिसवा मोजून, रक्त तपासून प्लेगवर पाळत ठेवण्याचं काम बंगळुरूतून होत आलं आहे. महाराष्ट्राला याची किंमत ठाऊक आहे. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही पुरं झालं नव्हतं, तेव्हा ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप दिसला, आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत हाहाकार उडाला. बिळांकडे सतत लक्ष असेल तर उंदरांचं मरणं आधी दिसतं, माणसांचं दुखणं नंतर येतं. मधले दिवस जीव वाचवायला मिळतात.

माकडतापाचं उदाहरण आपल्या अधिकच जवळचं. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली आणि लाकूडफाट्याला जाणारी माणसं तापानं पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं विषाणू शोधला, गोचिडी शोधली, आणि मग वर्षानुवर्षं रानातले छोटे प्राणी पकडले. पांढऱ्या शेपटीचा ब्लॅनफर्डचा उंदीर, जंगली खार, घरातली चिचुंद्री यांच्यातही विषाणू सापडला. माकड मरताना दिसतं म्हणून आजाराला त्याचं नाव पडलं; गोचिडीच्या पिल्लांना पोसण्याचं काम जमिनीवरचे हे छोटे प्राणी करतात. जंगल तोडून त्यात शेत, घाणेरीची झुडपं आणि चरणारी गुरं आली की गोचिड्यांना रान मोकळं होतं, हेही त्याच संशोधनातून पुढे आलं. हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्गात काजूच्या बागांपर्यंत आला.

आज जीकेव्हीकेच्याच आवारात असलेल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांचा गट हेच सूत्र पुढे नेतो आहे. हासन जिल्ह्यातल्या कडुमने परिसरात चहाचे मळे, जंगलाचे तुकडे, गवत आणि वस्ती एकमेकांत गुंतलेली आहेत. तिथे प्रत्येक प्रकारच्या जमिनीत पिंजरे लावून त्यांनी कुठल्या प्राण्यात बार्टोनेला प्रजातीचे कुठले जंतू आहेत ते तपासलं. तिथल्या प्रमुख रहिवाशांत आपला कोयनेचा रॅटस सातारे आहे. एकाच आवारात उंदराला पिकाचा शत्रू म्हणून पाहणारी आणि जंतूंचा वाहक म्हणून पाहणारी अशी दोन्ही दालनं असणं हे बंगळुरूचं भाग्य आहे; त्यांच्या नोंदी एकमेकांना जोडल्या जाव्यात असं मनापासून वाटतं.

सगळ्या मोजणीला पिंजरा लागतोच असं नाही. बंगळुरूत अजून लोरिस राहतो, पाव किलोच्या आतबाहेरचा, मोठ्या डोळ्यांचा, रात्री फांद्यांवरून सावकाश चालणारा. कन्नडमध्ये त्याला काडुपाप म्हणतात. काबेरी कर गुप्ता यांनी २०१४ मध्ये शहरातल्या नागरिकांना घेऊन त्याची मोजणी सुरू केली. लाल प्रकाशाचे दिवे डोक्याला लावून लोक ठरलेल्या वाटांनी रात्री चालतात आणि झाडांत चमकणारे डोळे मोजतात. लोरिस जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून जिथे झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतात तिथेच तो टिकतो. विज्ञान संस्थेच्या आवारात तो आहे; रस्ता रुंद करताना एक झाड पडलं तरी त्याची वाट तुटते. पुण्याजवळ सतीश पांडे आणि इला फाउंडेशनच्या मंडळींनी आणखी एक मार्ग धरला: मोठ्या घुबडानं ओकून टाकलेल्या गोळ्यांतली हाडं आणि जबडे वेचून परिसरात कुठले उंदीर आहेत ते ओळखायचं. घुबडाची पाहणी रोज रात्री चालू असते, आपण फक्त ती वाचायची.

कायद्यानं उंदरांकडे फार काळ तुच्छतेनंच पाहिलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून कावळ्याच्या बरोबरीनं उंदीर होते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. हे योग्य झालं. पण माळरानाकडे पाहण्याची दृष्टी अजून तीच आहे. गवताळ जमिनीला सरकारी कागदांत आणि बिल्डरच्या नकाशात पडीक म्हणतात. त्या गवतात हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून भोवत्या पक्षी उतरतात, ते गवतातल्या छोट्या जिवांवर जगतात. त्या जमिनीवर झाडं लावून ‘हरित’ करण्याचा बेत निघाला, तर विरोध करायला भावना पुरत नाही. गवतात कोण होतं, किती होतं आणि झाडं लावल्यावर त्यांतलं काय उरलं, हा आकडा लागतो.

खानदेशचा पहिला अहवाल निघून ११० वर्षांहून अधिक काळ गेला. क्रम्पनं जमवलेले नमुने संग्रहालयांत आहेत, नोंदींत ठिकाणं आहेत, तारखा आहेत. तेव्हाचं खानदेश म्हणजे आजचे धुळे, जळगाव, नंदुरबार. त्या शिवारांत आता केळी आणि ओलीत आहे, जिथे तेव्हा गवत आणि ज्वारी-बाजरी होती. त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा पिंजरे लावले तर शतकभरात जमीन बदलल्यानं कोण गेलं आणि कोण आलं ते स्वच्छ दिसेल. कोयनेच्या घाटमाथ्यावर रॅटस सातारेची आजची स्थिती पाहणं हेही त्यातलंच एक काम. यासाठी मोठं यंत्र लागत नाही: काही डझन पिंजरे, काटा, मोजपट्टी, वही, हातमोजे, जंगलात जायचं तर वन विभागाची परवानगी, आणि बिळं ओळखणारी गावातली माणसं, ज्यांची नावं या वेळी अहवालात पहिल्या पानावर छापावीत. या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आणि त्यांतल्या विद्यार्थ्यांनी हे काम आपलं मानून हाती घ्यावं, आणि येत्या पावसाळ्यानंतर पहिली वही सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.